मिलचं बीपी

आमच्या वस्तीत बीपी दोन प्रकारचं होतं: मिलचं आणि घरचं. ही विभागणी कोणा डॉक्टरानं केलेली नव्हती. इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या त्या वर्षांत परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीनं ती आपल्यापुरती करून घेतली. मिलचं बीपी म्हणजे मिल बंद पडल्याच्या धक्क्यानं झालेलं. घरचं म्हणजे आईबापांकडून आलेलं, खानदानी. मिलचं असेल तर माणूस ओट्यावर बसून ते मोठ्यानं सांगत असे. घरचं असेल तर सांगत नसे, कारण प्रत्येक घरात कोणीतरी लग्नाचं होतं. परिणाम असा झाला की घरचं बीपी असलेला एकही माणूस गल्लीत उरला नाही. सगळ्यांचं मिलचंच होतं.

माझ्या वडिलांचंही मिलचंच.

बाबा विणाई खात्यात जॉबर होते, म्हणजे माग आणि मागांवरची माणसं दोन्ही सांभाळणारे. त्यांचे वडील खानदेशातून येऊन त्याच मिलच्या ऑफिसात कारकून झाले होते आणि तिथेच एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांना ऊन लागलं, असं घरात सांगत. महिना पौष होता. ऊन आणि पौष या दोन गोष्टी आमच्या घरात एकाच वाक्यात सांगितल्या जात आणि त्यात काही विसंगत आहे असं कोणाला वाटत नसे. मीही ते वाक्य तसंच ऐकत मोठी झाले.

मिल एका दिवसात बंद झाली नाही. आधी रात्रपाळी गेली, मग कापूस यायचा थांबला, मग पगार पुढे ढकलले गेले आणि मग एका सकाळी गेटवर कागद चिकटवलेला दिसला. त्यानंतरही बरीच माणसं काही महिने वेळेवर डबा घेऊन गेटपर्यंत जात आणि बसून परत येत. बाबा त्यांच्यात होते. शहर तेव्हा थांबलेलं नव्हतं. भंवरकुआंकडे कोचिंग क्लासच्या पाट्या वाढत होत्या, सांवेर रोडला नवे कारखाने उभे राहत होते, मी ज्या हिंदी दैनिकात नुकतीच लागले होते त्याची पानं रंगीत झाली होती. मोटारींच्या जाहिराती पहिल्या पानावर यायच्या आणि मिलच्या बातम्या आत.

त्या बातम्यांना ठरलेला एक शब्द होता: ‘सदमे से’, म्हणजे धक्क्यानं. बंद मिलचा कामगार वारला की शीर्षक तयार असे. बंद मिलच्या श्रमिकाचा सदमे से मृत्यू. कोणी पक्षाघातानं गेलेला असे, कोणी हृदयविकारानं, कोणाच्या किडन्या गेलेल्या असत. डेस्कवर या सगळ्याचं ‘सदमे से’ होई. मी एकदा एका बातमीत ‘कई वर्षों से उच्च रक्तचाप से पीड़ित थे’ असं लिहिलं, तर उपसंपादकानं ते वाक्य काढलं. “कारण एक रखो,” तो म्हणाला. “दो कारण हों तो पाठक को लगता है कि रिपोर्टर को पता नहीं.” बातमीच्या दृष्टीनं त्याचं बरोबर होतं.

प्रकरण कोर्टात गेलं. कामगारांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की मिल बंद झाल्यामुळे ज्यांची तब्येत गेली त्यांच्या उपचाराची जबाबदारी मालकानं घ्यावी. ती मागणी बाबांनी लावून धरली होती. युनियनच्या कमिटीत ते होते, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं: धडधाकट माणसं आत गेली, आजारी होऊन बाहेर आली, तर हिशेब मालकाकडेच मागायचा. मिल चालू असताना विम्याच्या दवाखान्यातून गोळ्या मिळत. मिल बंद झाली तसं विम्याचं कार्डही चालेनासं झालं.

सुरुवातीच्या एका पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, कोर्टाच्या जिन्यात एक म्हातारे विणकर कोसळले. ते उठले नाहीत. त्यानंतर युनियननं सगळ्यांना सांगितलं की पेशीला येताना बीपीची गोळी घेऊन या. सल्ला चांगला होता, पण गल्लीनं त्याचा अर्थ वेगळा घेतला. गोळी पेशीला घ्यायची असते, असं ठरलं. पुढच्या पेशीपर्यंत गोळी डब्यात राहू लागली. दोन पेशींच्या मध्ये कधी महिने जात. या गोळीला नावही पडलं: पेशीची गोळी. औषधाच्या दुकानात माणसं त्याच नावानं मागत आणि दुकानदार न विचारता काढून देई.

“घेतली का पेशीची गोळी?” आई सकाळी विचारी.

“घेतली ना. आज पहिल्या पाचात नंबर आहे आपला.”

“आणि उद्या?”

“उद्या कशाला? उद्या काय जज घरी येऊन राहिला का?”

आईला हे मिलचं बीपी पटलेलं नव्हतं. तिचा आक्षेप वैद्यकीय नव्हता, आठवणीचा होता. “मिल चालू होती तेव्हाही तुम्ही डोक्याला रुमाल आवळून झोपत होता,” ती म्हणायची.

“ते मागांच्या आवाजानं.”

“म्हणजे चालू होती तरी मिलचंच, बंद पडली तरी मिलचंच. मिल नसती तर तुम्हाला सर्दीसुद्धा झाली नसती.”

बाबा यावर हसत. त्यांना हसवू शकणारी तीच एक होती.

त्याच काळात आमच्या ताटातली भाजी कमी झाली आणि सेव वाढली. इंदुरात सेव तशी सगळ्यावर पडते, पोह्यांवर, वरणावर, चहाबरोबर. पण आता ती भाजीच्या जागी आली. पोळी, कांदा आणि तिखट सेव. चवीला बरी लागे, शिजवावी लागत नसे, आणि कोणी आलं तरी वाढता येई. ताटात मीठ किती वाढलं हे कोणी पाहत नव्हतं. मीठ मोजायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

माझा मोठा भाऊ मिलमध्ये कधीच गेला नाही. बाबांनीच जाऊ दिलं नाही. आयटीआय करून तो सांवेर रोडवर एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेथवर लागला. बाबांची मान, बाबांचे खांदे, बाबांसारखंच बोलताना कानशिलं लाल होणं. गल्लीतल्या बायका म्हणत, छापा काढलाय. बाबांना ते ऐकायला आवडे. त्याच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं.

कारखान्याला एका मोठ्या कंपनीचं काम मिळायचं होतं, म्हणून सगळ्या कामगारांची तपासणी झाली. दादाचं प्रेशर इतकं निघालं की तपासणाऱ्यानं पट्टा सोडून पुन्हा बांधला. फिटनेसचा दाखला आणल्याशिवाय त्याला मशीनवर घेणार नव्हते. मी त्याच्याबरोबर तुकोगंजमधल्या एका डॉक्टरांकडे गेले. घरी त्यानं सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, ऐकलं, कपाळाला आठी घातली.

“घर में किसी को है? पिताजी को?”

“पिताजी को है, सर,” दादा म्हणाला. “पर वो मिल का है.”

“मिल का, मतलब?”

“मिल बंद हुई ना, उससे.”

“उसके पहले किसी को? दादाजी?”

“दादाजी को लू लगी थी.”

तो खोटं बोलत नव्हता. जे घरात बोललं जात होतं तेच त्यानं सांगितलं. डॉक्टर घाईत होते. वय कमी आहे, लग्नाचं, नोकरीचं टेन्शन असेल, मीठ कमी करा, महिन्यानं पुन्हा दाखवा, असं ते म्हणाले. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. दाखला मिळाला.

परत येताना दादा पोह्यांच्या गाडीवर थांबला. “भिया, सेव जरा कम.”

गाडीवाल्याचा हात वरच्या वर राहिला. “क्यों भिया, बीमार हो क्या? सेव कम खानी है तो इंदौर में काहे को रे रिये हो?”

आजूबाजूचे चारपाच जण हसले. दादाही हसला. “डाल दे यार,” तो म्हणाला. गाडीवाल्यानं दुप्पट टाकली.

महिन्यानं तो डॉक्टरांकडे गेला नाही. गोळ्या संपल्या होत्या आणि डोकं दुखत नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, “मला कुठे पेशी आहे?” तो विनोद होता. त्यानं तो विनोद म्हणूनच केला आणि मी तो तसाच घेतला.

पुढच्या हिवाळ्यात मेडिकल कॉलेजच्या एक डॉक्टर आमच्या वस्तीत आल्या. त्यांचं एक पथक होतं, तिघाचौघांचं. रक्तदाब घराण्यांमधून कसा जातो याचा त्यांचा अभ्यास होता. एकाच घरातल्या दोन पिढ्या त्यांना हव्या होत्या: आईबाप, मुलं, सख्खी भावंडं. सगळ्यांचं प्रेशर मोजायचं आणि थोडं रक्त घ्यायचं. बसायला जागा म्हणून त्यांना ती शेड मिळाली, जिच्यात मिल चालू असताना अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीची झांकी, म्हणजे दिव्यांचा मोठा देखावा, बनत असे. कोपऱ्यात अजून लाकडी हत्तीचा सांगाडा पडलेला होता. त्याच्या शेजारी टेबल लावलं गेलं.

पहिल्या सकाळी लोक जमले ते बघायला. रक्त द्यायला कोणी पुढे होईना.

“मॅडम, खून तो मिल पी गई,” एक जण म्हणाला. “अब जो बचा है वो चाय है.”

“चाय भी चलेगी,” मॅडम म्हणाल्या. लोक हसले. एक म्हातारा बाही वर करू लागला.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. मी बातमीसाठी आले होते, दादाची सुट्टी होती म्हणून तो माझ्या शेजारी उभा होता. मॅडम मराठी आहेत हे बाबांना कळलं होतं.

“मॅडम, एक विचारू? हे तपासून तुम्ही काय सिद्ध करणार?”

“सिद्ध असं नाही. रक्तदाब घराण्यातून किती येतो ते पाहणार.”

“मतलब खानदानी आहे असं म्हणणार.”

“काही भाग खानदानी असतोच.”

“मग आमच्या केसचं काय?”

त्यांना केस माहीत नव्हती. बाबांनी सांगितली. मागण्या, आजारी माणसं, कोर्टाच्या जिन्यात पडलेले विणकर. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा जवळजवळ शब्दशः टिपून घेतलं, आणि बातमीत त्यातलं काही आलं नाही.

त्यांनी विचारलं, “मिलच्या गेटवर पाळी सुटताना तुम्ही माणसं पाहिली असतील. त्यात उंच किती आणि बुटके किती?”

“असं कसं सांगणार? सगळ्या मापाचे.”

“तसंच. उंच आणि बुटके असे दोन ढीग नसतात. मधले पुष्कळ, टोकाला थोडे. रक्तदाब तसाच असतो. आम्ही एके ठिकाणी रेघ मारतो आणि वरच्यांना आजारी म्हणतो, पण निसर्गात ती रेघ नाही. आणि उंचीसारखाच तो एका बीजानं ठरत नाही. रक्तात लहान लहान फरक असतात, पुष्कळ. एकेकाचा असर चिमूटभर. कोणाची किडनी मीठ धरून ठेवते, कोणाची सोडते. कोणाच्या नसा लवकर आवळतात. ज्याच्या वाट्याला अशा चिमटी जास्त आल्या तो आधीच वरच्या टोकाजवळ उभा असतो.”

“आणि मिल?”

“मिलनं सगळ्यांनाच ढकललं. तुमच्या वस्तीचंच प्रेशर वर सरकलं असेल, तर ते रक्तामुळे नाही. रक्त पाचदहा वर्षांत बदलत नाही. काम गेलं, झोप गेली, खाणं बदललं, औषध थांबलं, त्यानं सरकलं. पण सगळे सरकले तेव्हा कडेवरून खाली कोण पडलं, ते बरंचसं रक्तानं ठरवलं. दोन्ही खरं आहे.”

बाबांना कळलं नाही असं मला वाटत नाही. पुढचा प्रश्न कळलेल्या माणसाचाच होता.

“मग दोष कोणाचा?”

“मी प्रेशर मोजते. दोष नाही मोजत.”

“कोर्ट दोषच मोजतं, मॅडम. तुम्ही दोन्ही खरं म्हणाल. मालकाचा वकील त्यातलं एकच वाचेल.”

मॅडमनी टेबलावरचा पट्टा उचलला. त्या म्हणाल्या, रक्त नका देऊ, निदान प्रेशर मोजून घ्या, ते मी कुठे लिहिणार नाही. दादाकडे बघून त्या म्हणाल्या, “हा तुमचा मुलगा ना? याचं तरी मोजू द्या.” दादाचं रूप पाहून हे कोणालाही कळलं असतं.

दादानं बाही कोपरापर्यंत सरकवली होती. बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “आमच्या घरातून कोणी नाही.” मग जमलेल्यांकडे वळून हिंदीत म्हणाले, “और मेरी मानो तो किसी के घर से नहीं. जो खून देगा वो मालिक के हाथ में कागज देगा.”

दादानं बाही खाली केली, बटण लावलं. म्हातारा माघारी वळला. दुपारपर्यंत शेड रिकामी झाली. पथकानं आणखी काही दिवस वाट पाहिली, मग दुसरी वस्ती गाठली. युनियनचे सचिव घरी येऊन बाबांच्या पाठीवर थाप मारून गेले.

बाबांच्या बाजूनंही सांगायला हवं. मालकाच्या वकिलानं आधीच एका पेशीला म्हटलं होतं की ही माणसं तंबाखू खातात, दारू पितात, तब्येतीला मिल काय करणार. बाबांना भीती होती ती काल्पनिक नव्हती. एका बाजूला खरं असलेलं वाक्य दुसऱ्या बाजूला हत्यार होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी चुकीच्या माणसासमोर दार लावलं, पण दार का लावलं हे त्यांना नीट ठाऊक होतं.

दादा त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेला. सकाळची पाळी होती. लेथ थांबवून तो म्हणाला की उजव्या डोळ्यासमोर काहीतरी आलंय, आणि खाली बसला. शेजारच्या कामगाराला वाटलं डोळ्यात कण गेला असेल, त्यानं पाणी आणलं. तोवर दादाला बोलता येत नव्हतं. मोठ्या इस्पितळात त्याला नेलं तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या बराच पुढे होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आठवडा पुरा व्हायच्या आत तो वारला. त्याची तिशी उलटायची होती.

वॉर्डात एका तरुण डॉक्टरनं बाबांना विचारलं, घरात कोणाला बीपी आहे का. आईनं सांगितलं. नवऱ्याला आहे, सासरे खुर्चीत गेले, त्यांचा भाऊही तसाच गेला होता. त्या भावाबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तेराव्यानंतर युनियनचे सचिव आले. त्यांच्याबरोबर माझ्या ओळखीचा एक बातमीदार होता. सचिवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“भाऊ, लड़के को भी मिल ने ही खाया,” ते म्हणाले. “घर का टेन्शन, बाप की हालत. उसका नाम भी अपनी अर्जी में डालते हैं. जवान मौत है, जज पर असर होगा.”

बातमीदारानं पेन काढलं होतं. शीर्षक काय असेल हे मला माहीत होतं.

बाबा म्हणाले, “वो मिल में नहीं था.”

“अरे भाऊ, तुम तो थे.”

“मैं था. वो नहीं था.” मग ते मराठीत, माझ्याकडे बघून, पण सचिवांना उद्देशून म्हणाले, “त्याला माझं होतं. मिलचं नाही. माझं.”

सचिवांना मराठी पुरतं समजत होतं. ते म्हणाले, “ये बात बाहर मत बोलना. केस कमजोर हो जाएगी.”

“होऊ दे,” बाबा म्हणाले.

सचिव उठले. जाताना त्यांनी बाबांच्या पाठीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला घेऊन मेडिकल कॉलेजात गेले. मॅडमनी त्यांना ओळखलं. रक्त घेण्याचं काम संपलं होतं, नमुने पुढे गेले होते. “तुमचं आता घेता येणार नाही,” त्या म्हणाल्या. रक्तदाबाशी संबंध असलेल्या शेकडो जागा पुढे कित्येक वर्षांनी माणसाच्या जनुकांत सापडल्या. एकेक जागेचा असर मॅडम म्हणाल्या तसाच, चिमूटभर. त्यातले बहुतेक अभ्यास परदेशी लोकांवर झाले, आमच्यासारख्यांचं रक्त त्यात थोडं आहे. आमच्या घराचं तर नाहीच.

“रक्त राहू द्या,” बाबा म्हणाले. “हिचं मोजा.”

मी बाही वर केली. माझं तोवर कधीच मोजलेलं नव्हतं. मुलींचं आमच्याकडे मोजत नसत, कारण मुली मिलमध्ये नव्हत्या. मॅडमनी एकदा मोजलं, मला पाच मिनिटं बसवलं, पुन्हा मोजलं. बाबा पाऱ्याकडे बघत होते. त्यांना आकडे वाचता येत होते, मागांवरच्या मीटरचे त्यांनी जन्मभर वाचले होते. मॅडमनी सांगायच्या आधीच त्यांचा चेहरा बदलला.

“रोज घ्यावी लागेल,” मॅडम मला म्हणाल्या. “बरं वाटलं तरी.”

“घेईल,” बाबा म्हणाले. आणि मग, “मॅडम, रक्त नाही तर नाही. पण तुम्ही एक दिवस पुन्हा शेडमध्ये बसाल का? नुसतं मोजायला. मी पोरांना घेऊन येतो.”

त्या म्हणाल्या, रविवारी येते.

रविवारी सकाळी बाबा गल्लीच्या टोकापासून निघाले. मी बरोबर होते. पहिल्या घरात मुलगा बाहेरगावी होता. दुसऱ्या घरी म्हणाले, आम्हाला काही होत नाही. एका ठिकाणी दार उघडलं आणि बाबांना पाहून लगेच लोटलं गेलं, कारण कोणी जाऊ नका, हा सचिवांचा निरोप आमच्या आधी पोहोचला होता. एक पोरगा मात्र चप्पल घालून आमच्यामागून यायला लागला, मग दुसरा.

चौथ्या की पाचव्या घरातली बाई मोलमजुरी करी. तिचा नवरा मिलचा होता, दोन वर्षांपूर्वी गेला होता. आमच्या पेपरनं त्यालाही ‘सदमे से’ दिलं होतं. तिचा मुलगा आत होता, त्याचा रेडिओ ऐकू येत होता. ती दारात हात आडवा धरून उभी राहिली.

“क्यों भाऊ,” ती म्हणाली, “तुमने ही तो बोला था किसी के घर से कोई नहीं जाएगा. मेरा ये उसी दिन जा रहा था. मैंने रोका, तुम्हारे कहने से.”

“हां,” बाबा म्हणाले. “मैंने ही बोला था.”

तिनं हात काढला नाही. बाबा उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. उन्हाला सुरुवात झाली होती. मागची दोन पोरं भिंतीच्या सावलीत सरकली. आतला रेडिओ बंद होण्याची वाट बघत बाबा तिथेच उभे होते.